चिकाची पंगत

दुधाची पिशवी फुटली तरी सांत्वनाला येतील असे गृहस्थ आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एकच होते: वरच्या मजल्यावरचे काका. डेअरीच्या प्रयोगशाळेत उभी हयात काढून निवृत्त झालेले. कुणाकडे चहाला गेले की कप नाकाशी नेऊन ‘कालचं दूध’ असा निकाल देत आणि तोच चहा थेंबही न ठेवता पीत. कुठे गाय व्याल्याची खबर लागली की स्कूटरला बरणी बांधून थेट कात्रजपलीकडे, चीक आणायला. खरवस मात्र सगळ्या बिल्डिंगला वाटत, तोही साखरेवरच्या व्याख्यानासकट.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, नव्यानेच कॉम्प्युटर कंपनीत लागलेला. हे सांगताना माझी मान आजही ताठ होते. पण मुलगी झाली त्या दिवशी दवाखान्यात ती पदवी काही कामाची नव्हती. बाळंतिणीचा चीक, म्हणजे पहिलं पिवळं दूध, पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा ही आमच्याकडची रीत. डॉक्टरीणबाई ‘मध नको’ सांगून गेल्या तरी गावाहून आलेली आई बाटली सोडेना. बायको रडवेली, पोर भुकेनं टाहो फोडतेय, तेवढ्यात काका आले, बरणीसकट.

“खरवस आणलाय, गाईच्या चिकाचा. चालतो ना आजी?”

“चालतो की.”

“गाईचा पोटात आणि सुनेचा मोरीत. छान.” मग स्टूल ओढून म्हणाले, “अहो, आईच्या दुधात एक साखर असते, ती बाळाला पचतच नाही.”

“मंग द्यायची कशाला?”

“पोटातल्या चांगल्या जंतूंची पंगत असते ती. ते पाटावर बसले की वाईटांना जागा उरत नाही. त्यातूनही कुणी घुसलाच, तर त्या साखरेलाच चिकटून बाहेर जातो. आणि चिकात ती सगळ्यांत जास्त.”

“आमची पोरं मधावरच जगली.”

“जगली ती सांगायला आहेत,” काका सवयीनं बोलून गेले.

माझ्या आधीची आईची दोन बाळं राहिली नव्हती. काकांना हे ठाऊक नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावरून उमगलं असावं. ते नुसतेच बरणीचं झाकण उघडझाक करत बसले. शेवटी आईनंच मधाची बाटली पिशवीत ठेवली आणि पोरीला उचलून सुनेच्या कुशीत दिलं.

“बसू दे पंगत,” म्हणाली.

पुढे कितीतरी महिने काका जिन्यात थांबवून, चारचौघांत, लेकीच्या दुपट्यांची चौकशी करत: “पंगत काय म्हणते?” तीच लेक आता स्वतः कंपनीत जाते आणि खरवसाला नाक मुरडते.

गावात कुणाची सून बाळंत झाली की आई आजही आधी चिकाचं विचारते. हे कुणी शिकवलं म्हटलं की सांगते, “पुन्यात एक खडूस म्हातारा हाय, आमच्या पोराच्या वरच राहतो.” काका गेल्याचं मी तिला अजून कळवलेलं नाही.