पुठ्ठ्यात धरलेले सहा कॅन

लोणी काळभोरहून सकाळची बस धरली तेव्हा माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात हौसाची मिश्रीची डबी होती. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, आमच्याकडच्या बायका दातांना लावतात. हौसा माझी बायको. छातीच्या आजारानं गेली, तीन वर्षं झाली. आमची मंगल म्हणते, आई मिश्रीनं गेली. वर्षश्राद्धाला भावकीतल्या म्हातारीनं हौसाच्या पानाशेजारी चिमूटभर मिश्री ठेवली, तर मंगलनं ती उचलून उकिरड्यावर टाकली. मी बघत बसलो. खरं काय ते मला ठाऊक होतं. तेच तिला सांगायचं ठरवून निघालो होतो.

तिनं मात्र बोलावलं होतं दुसऱ्याच कामाला. मंगल नारायण पेठेत एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात आहे. मिठाईचे खोके करतात तिथं. आता मालकांनी नवीन काम धरलंय. थंड पेयाचे सहा कॅन एकत्र बांधायला प्लॅस्टिकचा पातळ कागद लागतो, त्याच्या जागी पुठ्ठा आणायचा. माझी सगळी नोकरी असल्याच प्लॅस्टिकच्या यंत्रावर गेली. कॅनवर कागद गुंडाळायचा, गरम भट्टीतून सोडायचा, की तो आवळून बसतो.

"आबा, येऊन बघा टिकतंय का. जाणतं माणूस पाहिजे," असं मंगल फोनवर म्हणाली. चौथी नापासाला जाणता म्हणणारी ती एकटीच.

पाटी न बघता चढलो होतो. स्वारगेटऐवजी बस गेली मार्केट यार्डाला.

"आबा, पाटी वाचून चढायचं असतं," कंडक्टर म्हणाला.

"वाचून होईस्तोवर तुम्ही थांबता व्हय?"

उतरलो. थंडी मी म्हणत होती. गेटापाशी कांद्याच्या गोण्यांना टेकून हमाल चहा पीत होते. मध्ये शेकोटी. एकानं सरकून जागा दिली, "या म्हाताऱ्या, हात शेका." बसलो, चहा घेतला. तेवढ्यात दुसऱ्यानं प्लॅस्टिकचा गोळा आणून जाळात टाकला. काळा धूर उठला. मी कप ठेवून उठलो.

"का वो? वास सोसंना?"

"वास वळखीचा हाय," म्हणालो आणि चालू लागलो.

ओळखीचाच. कारखान्यात प्लॅस्टिकच्या कागदाची कात्रणं उरायची. गेटावर कोणी अडवत नव्हतं. मी रोज गोळा करून घरी न्यायचो. आमच्या घरी अंगणात तांब्याचा बंब (अंघोळीचं पाणी तापवायचं भांडं, मधल्या नळीत जाळ घालतात) होता. हौसा पहाटे उठून त्यात ती कात्रणं घालायची. ती खोकायची. म्हणायची, "अहो, त्यापरास पुठ्ठा आणा की कुठनं. ह्याचा धूर छातीत बसतो." मी म्हणायचो, "फुकटचं मिळतंय, गप जाळ." किती वर्षं म्हटलं, सांगता येणार नाही. गरम पाण्यानं अंघोळ मात्र रोज केली.

रिक्षा करून नारायण पेठेत पोचलो. बोळ इतका अरुंद की रिक्षावाल्यानं तोंडाशीच उतरवलं. दोन्ही बाजूंना छापखाने, वहीवाले, शाईचा वास. कारखाना म्हणजे एक लांबडी खोली. मालक दारातच उभे होते, चष्मा कपाळावर.

"या. मंगलनं नऊ म्हणून सांगितलं होतं. कुठल्या तारखेचे, ते सांगायला विसरली वाटतं."

"बस चुकली."

"बस नाही चुकत आजोबा, माणूस चुकतो."

मंगल हसली. मला हसू आलं नाही.

त्यांनी माल दाखवला. जाड तपकिरी पुठ्ठा, त्याला कॅनसाठी सहा भोकं, मध्ये बोटांसाठी दोन बारकी. कॅनच्या डोक्यावर वरून दाबायचा. भोकांच्या कडेच्या जिभा कॅनच्या काठाखाली अडकून बसतात. ना डिंक, ना भट्टी. मधल्या दोन भोकांत बोटं घालून सहाही उचलले, हलवले. धरून राहिले.

"कसं काय?" मालक म्हणाले.

"कोरडं कुणीबी उचलंल. बर्फाच्या पाण्यात ठेवा. फ्रिजातनं काढला की कॅनला घाम सुटतो. तवा बघू."

मालकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. बादली आली, बर्फ आला. तासभर भिजू द्यायचं ठरलं. तोवर मंगलनं डबा उघडला. भाकरी, मेथी, लसणाची चटणी. हात हौसाचाच. आम्ही तिघं पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांवर जेवायला बसलो.

"तुमच्याकडं त्या प्लॅस्टिकची कात्रणं उरत असतील," मालक म्हणाले. "जायची कुठं?"

"भंगारात. दुसरं कुठं?" मंगल म्हणाली.

हातातला घास परत डब्यात ठेवला. बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"घरी यायची," मी म्हणालो. "बंबात जायची. तुझी आई जाळायची. ती पुठ्ठा मागायची, मी हेच आणून द्यायचो."

मालकांनी हात धुतला. "मी बादली बघतो," म्हणून उठून गेले.

मंगल म्हणाली, "मला वाटायचं लाकूड असतं."

"तू शाळेला उठायच्या आत जाळून व्हायचं. डॉक्टरनंसुद्धा विचारलं होतं, घरात काय जाळता. मी म्हणलो, लाकूड."

"आणि आई?"

"शेजारीच बसली होती. म्हणाली, व्हय, लाकूडच."

"तुमची लाज राखली तिनं."

"व्हय."

"आणि मी लोकांना सांगत फिरले मिश्री, मिश्री. तिच्या पानावरची फेकून दिली मी, आबा. तुम्ही समोर बसला होता."

"कशानं गेली ते डॉक्टरलाच म्हाईत. पण सगळं तिच्यावर जाऊ दिलं ते मी."

डबी काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं ती उचलली आणि ओढणीच्या टोकात बांधली. भाकरी तशीच राहिली.

मालकांनी बोलावलं. ओल्या पुठ्ठ्यानं मी सहा कॅन उचलले. चार पावलं गेलो आणि कोपऱ्यातला एक निसटून फरशीवर आपटला, फेस उडाला.

"पाच राहिले," मालक म्हणाले.

"कोपऱ्याला जोर येतो. तिथं पुठ्ठा दुहेरी घ्या, जिभा जरा लांब ठेवा. राहील."

मंगल फडक्यानं फरशी पुसत होती. वर बघितलं नाही. एरवी मला बसथांब्यापर्यंत सोडायला येते. त्या दिवशी बोळाच्या तोंडाशीच थांबली. पुठ्ठ्याच्या कात्रणांनी भरलेली पिशवी माझ्या हातात दिली.

"न्या. तिनं मागितला होता ना."

पाटी वाचून बस धरली. पिशवी मांडीवर होती. एवढीशी ती, वजनाला काहीच नाही. लोणी ते नारायण पेठ वाट कितीशी, पण एवढं आणायला मला हौसा जाईपर्यंत जमलं नव्हतं. माफी मागायची राहिली हे हडपसर ओलांडल्यावर लक्षात आलं. मागितली असती तरी मंगलनं दिली असती असं वाटत नाही. तिचं बरोबरच आहे.

घरी पोचलो तर दिवस मावळायला आला होता. शेजारची सून शोभा अंगणात बंब पेटवत होती. दुधाच्या पिशव्या, वेष्टणं, एकेक नळीत घालत होती. मी कुंपणापाशी गेलो.

"शोभा, हे घाल त्यात. प्लॅस्टिक नको."

तिनं पिशवीत डोकावलं. "पुठ्ठा व्हय? हा भुर्रकन जळतो, आबा. प्लॅस्टिकचा जाळ टिकतो. तुम्हीच तर आमच्या सासूबाईंना शिकवलंय. भारे आणून द्यायचा की तुम्ही!"

धूर माझ्या तोंडावर आला. मी बाजूला झालो नाही. मग तिला सांगितलं, हौसाचं, डॉक्टरचं, सगळं. दिवसात दुसऱ्यांदा. सोपं गेलं नाही.

शोभा खाली वाकली. काठी घेऊन नळीतलं प्लॅस्टिक बाहेर ओढायला लागली. ते वितळून तांब्याला धरून बसलं होतं. मी तिच्या हातातली काठी घेतली आणि खरवडत बसलो. अंधार पडला तरी निघेना.