आक्काच्या पेटीचं कुलूप

भूत, करणी, दृष्ट... यातलं काहीही मी मानत नाही, हे सगळ्यात आधी. इथले अनुभव मी चहा पिताना वाचते आणि बहुतेकांखाली मनातल्या मनात 'बाई गं, तो उंदीर असणार' असं लिहून पुढे जाते. आज लिहायची वेळ माझ्यावर आलीय. तुम्हीही खुशाल उंदीर म्हणा, मला राग येणार नाही. उलट कुणी पटेल असं काही सांगितलं तर बरंच होईल.

मी बेळगावात, टिळकवाडीतल्या एका सहकारी बँकेत लॉकर सांभाळते. राहायला अनगोळला. दिवसभर कुलपं-किल्ल्यांशीच संबंध, त्यामुळे म्हणा किंवा स्वभावच म्हणा, घराचं कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघते. महेश, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, चौथ्यांदा ओढलंस तर हातात येईल.

लग्नानंतर पाच वर्षांनी दिवस राहिले. मला मूल हवं होतं. बाळंतपण नको होतं. हे वाक्य मी कुणाला सांगू शकले नाही, म्हणून इथे सांगते. भेटेल त्या बाईला विचारायची, "किती दुखतं?" सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काय मेलो का?" बँकेतली मैत्रीण म्हणाली, विसरायला होतं. एका खातेदार बाईनं तर लॉकर उघडता उघडता आपल्या मावसबहिणीचं असं काही वर्णन केलं की मला खुर्चीवर बसावं लागलं. खरं सांगायचं तर दुखण्याची भीती नव्हतीच. आत गेले आणि बाहेर आलेच नाही तर... ही होती. सातव्या महिन्यात मी माझ्या लॉकरचं नॉमिनेशन तपासून घेतलं, सगळे पासवर्ड कागदावर लिहिले आणि पाकीट बंद करून महेशच्या कपाटात ठेवलं. त्याला ते सापडलं तेव्हा तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नवव्याच्या सुरुवातीला निपाणीच्या अलीकडं आमच्या गावी आले. हायवेपासून चार किलोमीटर आत, निपाणी तिथून नऊ-दहा. आप्पा जाऊन सहा वर्षं झाली. घरात आई आणि आक्का. आक्का म्हणजे माझी आत्या, आप्पांची थोरली बहीण, पण सगळं गाव तिला आक्काच म्हणतं. लग्न केलं नाही. संधिवातानं बोटं वाकलीत, तरी दिवसभर काही ना काही निवडत, पाखडत असते. तिची एक खोड मात्र आम्हाला लहानपणापासून माहीत होती. ती कुणाच्या डोहाळजेवणाला जात नाही, बारशाला जात नाही, तान्हं मूल हातात घेत नाही. माझ्या डोहाळजेवणाला अनगोळला आली नाही, गुडघ्याचं कारण सांगितलं. आणि तिसऱ्याच दिवशी उसाच्या बांधावरून दोन किलोमीटर चालून आली, हे आईनंच फोनवर सांगितलं.

आणि तिची पेटी. खाटेखाली पत्र्याची छोटी पेटी, शाळेच्या दप्तराएवढी, तिला पितळी कुलूप. किल्ली हरवली म्हणे. बँकेत लागल्यावर मी एकदा म्हटलं होतं, माणूस आणते, दोन मिनिटांत उघडेल. तेव्हा आक्का अशी चिडली की जेवली नाही. यावेळी मला करमत नव्हतं, एका दुपारी तिच्या खोलीत खाली सतरंजीवर बसले होते, तर कुलूप समोरच दिसलं. कुंभारीण माशीनं किल्लीच्या भोकात मातीचं घर केलं होतं, वाळून दगड झालेलं. मी नखानं टोकरायला गेले.

"हात लावू नगंस," आक्का म्हणाली. एवढंच, पण आवाज असा की मी हात मागं घेतला.

त्यानंतर दोन दिवसांनी सुरू झालं ते. माझी दवाखान्याची बॅग, चेन लावून भिंतीला ठेवलेली, सकाळी उघडी. मला वाटलं, मीच विसरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग माझ्या फायली ठेवलेलं लोखंडी कपाट... कुलूप लावून मी तीनदा ओढलेलं होतं, शपथेवर सांगते... सताड उघडं. साखरेच्या डब्याचं झाकण निघालेलं, साखरेला मुंग्या. ज्वारीच्या पोत्याची सुतळी सुटलेली. फाटकाचं कुलूप उघडं राहिलं आणि गल्लीतलं कुत्रं आत येऊन दुधाचं पातेलं चाटून गेलं.

मी बॅगेच्या चेनला दोरा बांधून ठेवला. सकाळी दोरा सोडून, नीट घडी करून बॅगेवर ठेवलेला!

आता तुम्ही म्हणाल, घाबरलीस. नाही, चिडले. भीती आधीच इतकी साठली होती की तिला कुठंतरी वाट हवी होती, आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं. आईला वाट्टेल ते बोलले. तुझं लक्ष नसतं, मला वेड लावणार आहेस, इथं येऊन चूक केली.

"मी काय येडी हाय व्हय गं, तुझी बॅग उघडाय?" असं म्हणून आई पदर डोळ्याला लावून परसात गेली. आक्का शेजारी तूर निवडत बसलेली. तिनं मान वर केली नाही. त्या आठवड्यात माझं बीपी वाढलेलं निघालं. निपाणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मन शांत ठेवा. मन काय पंखा आहे, बटण दाबलं की कमी व्हायला?

पुढच्या मंगळवारी सकाळी उप्पीट खाताना पाणी गेलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून मी आणि आई निपाणीला निघालो. महेश बेळगावातून निघाला. आक्का दारात उभी होती. आई म्हणाली, चला तुम्ही पण.

"मी थांबतो घरात," आक्का म्हणाली. आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात. "मला हितं काम हाय."

मला रडू आलं. पुतणी बाळंतपणाला निघालीय आणि हिला काम!

दवाखान्यातले पाच-सहा तास मी लिहीत नाही. ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहेत, ज्यांना काढायचेत त्यांना मी ती खातेदार बाई होऊन भेटणार नाही. एवढंच सांगते की दीड वाजता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोकं खाली सरकत नाहीये, अर्धा तास बघू, नाहीतर सिझर. सिस्टर कन्नड, माझा हात धरून "स्वल्प तडीरी, अक्का" म्हणत होती, थोडं थांबा, थोडं थांबा. आणि मला पक्कं वाटायला लागलं होतं की झालं. ते पाकीट महेशला माहीत आहे, ते बरं झालं. समोर भिंतीवर घड्याळ होतं, मी त्याच्याकडेच बघत होते. दोनला दहा कमी.

तेव्हा आवाज आला. खट्.

मी लॉकर सांभाळते. दिवसातून वीस वेळा कुलपं उघडते. जुन्या कुलपाची कडी सुटताना जो आवाज होतो, तो मला झोपेतही कळेल. आणि तो बाहेरून आला नाही. माझ्या कानाशी, उशीजवळ आला. मी मोठ्यानं विचारलं, "कुलूप कुणी उघडलं?" सिस्टरनं डॉक्टरांकडे बघितलं. त्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. औषधांचं कपाट होतं, त्याला सरकती काच. कुलूप नव्हतंच.

आणि मग सगळं सुटलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. दोन वाजायच्या आत मुलगी झाली. रडली. मी पण.

आवाजाचं मी फक्त महेशला सांगितलं. तो म्हणाला, त्या अवस्थेत काहीही ऐकू येतं. मलाही ते पटलं. आईला सांगायचा प्रश्नच नव्हता, तिनं लगेच मीठ-मोहऱ्या काढल्या असत्या.

घरी आल्यावर पाचवीच्या दिवशी, दुपारी आई स्वयंपाकघरात होती आणि मी बाळाला घेऊन पडले होते. आक्का आली. तोवर ती उंबऱ्यापर्यंतच यायची. आज आत आली, हातात ती पेटी. माझ्या पायाशी ठेवली. कुलूप कोयंड्यात लटकत होतं, उघडं.

"तुझी बॅग, कपाट, डबं... ते समदं मीच सोडत हुतो, बाय. कपाटाची दुसरी किल्ली माझ्यापाशी हाय. तुझ्या आईचं काय चुकलं न्हाय."

"कशासाठी पण?"

"बाई अडाय नको म्हणून. घरातलं समदं सोडायचं असतंय. कुलपं, गाठी, झाकणं. काय बांधलेलं ऱ्हाऊ द्यायचं न्हाय." ती खाली बसली. "शेवंता म्हणून माझी थोरली बहीण हुती. पैल्या खेपंला हितंच आलती."

आप्पांना दोन बहिणी होत्या, हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं. आईला माहीत होतं, पण घरात तो विषयच निघत नसे, आणि आता पोटुशीसमोर बोलू नये म्हणून ती गप्प राहिलेली.

"मी अकरा वर्सांची. आईनं सांगितलं, जा, घरातलं समदं सोडून ये. मी सोडलं. ही पेटी तेवढी सोडली न्हाय."

"का?"

"आत तिचा खण हुता. तिच्या ओटीत आलेला. मला लई आवडला म्हणून चोरून ठिवलावता. पेटी उघडली असती तर दिसला असता. आईनं इचारलं, समदं सोडलंस? मी म्हटलं, व्हय."

बाळ कुरकुरलं. मी थोपटत राहिले.

"दीड दिवस अडली हुती. मग गेली. प्वार बी गेलं. मी किल्ली नेऊन हिरीत टाकली." आक्का रडत नव्हती. इतकी वर्षं मनात घोकलेलं बोलावं तशी एका लयीत बोलत होती. "तू गेल्यावर मी समदं सोडलं. कड्या काढल्या, म्हशीचं दावं सुदीक सोडलं. ही ऱ्हायली. दगड घेतला, तर ह्या हातांनी उचलंना. मग म्होरं बसलो आणि म्हटलं, शेवंता, माझं चुकलं. ह्या पोरीला अडवू नगंस. आणि खट् करून सुटलं बघ."

"किती वाजले होते?"

"घड्याळ कोण बघतंय? दोनची बस अजून यायची हुती."

आता दोनची बस काही दोनलाच येते असं नाही, हे मलाही माहीत आहे. मी पहिल्यांदा कुलूप हातात घेतलं, सवयीनं. कुठं ओरखडा नाही. फोडल्याची खूण नाही. आणि किल्लीच्या भोकात कुंभारणीचं ते मातीचं घर... जसंच्या तसं. माझ्या नखाचा छोटा चरा होता त्यावर, तोसुद्धा.

पेटीत पाटी, दोन रिबिनी आणि तळाशी घडी घातलेला हिरवा खण. लाल काठ. ऊन कधी लागलंच नाही त्याला, काल दुकानातून आणल्यासारखा.

"हिच्या कुंचीला चालंल का गं?" आक्कानं विचारलं. माझ्याकडे नाही, बाळाकडे बघून. "तू नको म्हटलीस तरी चालंल. मी मनाला लावून घेणार न्हाय."

आई दारात येऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं, गेलेल्या बाळंतिणीचं कापड, नको. खरं सांगते, क्षणभर माझ्याही मनात तेच आलं. मानत नाही म्हणणारीच्या. मग मी बाळ उचललं आणि आक्काच्या मांडीवर ठेवलं. "आधी माप घे," म्हटलं. तिची वाकडी बोटं बाळाच्या डोक्याभोवती फिरत राहिली. माप दोन मिनिटांचं होतं. तिनं तासभर घेतलं. तेव्हा मात्र ती रडली, आणि आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. कुंची आईनंच शिवली, आक्काला सुई धरता येत नाही. बारशाला मुलीच्या डोक्यावर तीच होती.

बेळगावला परतताना कुलूप मी मागून घेतलं. आमच्या बँकेच्या तिजोऱ्या दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी भिंग लावून बघितलं, कडी हलवून बघितली. म्हणाले, "मॅडम, आतलं सगळं गंजून एक झालंय. ह्यात किल्ली असती तरी फिरली नसती. उघडलं कसं तुम्ही?"

गंजून गंजून कधीतरी आपोआप सुटलं असेल. नेमकं त्याच दुपारी. आवाज म्हणजे माझा भास. नेमका त्याच वेळी. एकेक उत्तर ठीक वाटतं, दोन्ही एकत्र ठेवली की मला बसत नाहीत. वर्ष होऊन गेलं, अजून बसत नाहीत. आक्काला यात काहीच कोडं वाटत नाही. ती आता गावातल्या बारशांना जाते, बोलावलं नसेल तरी.

कारागीर शेवटी म्हणाले होते, "आता दाबून बघा, परत लागतंय का ते." कुलूप माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे, तसंच उघडं. महेशही म्हणतो, बघ की एकदा. घराचं कुलूप मी अजून तीनदा ओढून बघते. हे मात्र एकदाही दाबलेलं नाही.