पायातली चिठ्ठी

संग्रहालयात त्यांना सगळे पेंढामास्तर म्हणत. मेलेला पक्षी आला की कातडी सोलायची, आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. पक्षी कुठे सापडला, कधी, कुणी आणला, सगळं त्या चिठ्ठीवर. चिठ्ठी गेली की उरतो नुसता पिसांचा गोळा, हे ते येईल त्याला ऐकवत. लोक कंटाळत. कंटाळोत!

आजारपणाची रजा संपवून ते आले, तर खणांतल्या एकशे बारा पक्ष्यांचे पाय मोकळे. मळक्या चिठ्ठ्या फोटोत वाईट दिसतात म्हणून नव्या साहेबांनी शिपायाकरवी त्या कापून खोक्यात भरल्या होत्या. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चिठ्ठ्या आहेत की सगळ्या," साहेब म्हणाले. "परत लावा."

"आणि कुठली कुणाची, ते पक्ष्यांना विचारू?"

घरी बायको म्हणाली, "अहो, निवृत्तीला बारा दिवस राहिलेत. कागदांवर त्यांचीच सही लागायचीय. कशाला वाकड्यात शिरता?"

"वाकड्यात ते शिरलेत!"

दोऱ्याचं एक टोक पायात राहिलं होतं, दुसरं चिठ्ठीत. दोऱ्याचा रंग, गाठीची तऱ्हा, कात्रीचा तिरका काप बघत, दात-ओठ खात त्यांनी जोड्या लावल्या. अकराव्या दिवशी एकशे नऊ जुळले.

उरले तीन तपकिरी पाणपक्षी. दोरा एकच, कापही सारखाच, गाठही एकाच हाताची, मास्तरांच्याच. तिघांतला एक गावाबाहेरच्या तळ्यावरचा शेवटचा. तळं बुजवून तिथे आता गोदामं आहेत. तो तिथे राहत होता याला पुरावा एवढाच.

"लावा हो कुठलीही," साहेब म्हणाले. "कुणाला कळणार आहे?"

"मला."

मास्तरांनी तीन कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या. "ठिकाण माहीत नाही. तारीख माहीत नाही. मूळ चिठ्ठी संग्रहालयप्रमुखांच्या हुकमाने कापली." खाली तारीख, सही. मग आपली नेहमीची दुहेरी गाठ मारली.

साहेबांनी वाचलं आणि ते लालबुंद झाले. "काढा हे! आत्ताच्या आत्ता!"

मास्तरांनी कात्री त्यांच्यापुढे सरकवली. "घ्या. या खेपेला स्वतःच्या हाताने कापा."

साहेबांनी कात्रीला हात लावला नाही. त्या चिठ्ठ्या अजून तिथेच आहेत.