चौदाची पाऊणपट

बाबांनी चाळीस वर्षं गावच्या खाडीत तरीची होडी चालवली. बाजाराची माणसं, शाळेची पोरं, एकदा तर नवरीसकट अख्खं वऱ्हाड त्यांनी वल्ह्यावर पलीकडे नेलं. मग खाडीवर पूल झाला, होडी बंद पडली आणि वर्षभरात अर्धांगाने त्यांची डावी बाजू गेली. धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून चाकाची खुर्ची कोण उतरवणार? सहा वर्षं ते होडीत बसले नव्हते.

दोन महिन्यांच्या व्हिसावर ते इकडे आखातात, अल मनखूलला माझ्या फ्लॅटवर आले, तेव्हा मी त्यांना मॉल दाखवले. दोन मॉल बघून म्हणाले, "अरे, इथे पाणी कुठे आहे? एकदा होडीत बसव. बाकी काय नको." शोधल्यावर कळलं, उत्तरेकडच्या एका अमिरातीत तिवरांचं जंगल आहे. त्यातून लाकडी वाट थेट पाण्यापर्यंत जाते आणि खुर्चीवरच्या माणसालाही बोटीत नीट बसवतात.

त्यांच्या परतीच्या विमानाला तीन दिवस उरले, तेव्हा कुठे मला शनिवार मोकळा मिळाला. किती वाजता पोचायचं, हे अर्थातच बाबांनी ठरवलं. आमच्या किनाऱ्यावर भरतीसाठी घड्याळ लागत नाही, तिथीची पाऊणपट करायची. "आज चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. साडेदहाला तुडुंब पाणी." मोबाइलवर बघावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. भरतीचं बाबांना विचारल्यावर आणखी कोणाला विचारायचं?

दहाला पोचलो. खुर्ची लाकडी वाटेवरून सुळसुळ गेली. बाबा हात लांबवून पानं चाचपत म्हणाले, "हे तर आपलेच तिवर." आणि वाटेच्या टोकाला नुसता चिखल. बोटी कुशीवर पडलेल्या. माझी लेक म्हणाली, "आजोबा, द वॉटर इज गॉन."

बोटवाला मल्याळी होता, भला माणूस. "अंकल, इधर का टाइम अलग है. चार बजे फुल पानी आएगा. रुको, मैं खुद बिठाऊँगा."

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "थांबूया ना. डबा आहे आपल्याकडे."

मला राग आला होता. रास अल खोरच्या गोदामात सहा दिवस उभं राहून मिळालेली एक सुट्टी, तीही पहाटे उठून घालवलेली. म्हणालो, "बाबा, तुमच्या खाडीचा हिशेब इथे चालत नाही. सहा तास काय चिखल बघायचा? खलास. पुढच्या वेळी याल तेव्हा बघू."

एरवी बाबा शब्दाला शब्द देणारे. भांडले असते तर बरं झालं असतं. "माझंच चुकलं," एवढंच म्हणाले. गाडीत उजव्या हाताच्या बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत होते.

पुढची वेळ आलीच नाही. मे महिन्यात ते गेले. त्यांची काही इच्छा राहिली होती का, असं गावात सगळ्यांनी विचारलं आणि मी सगळ्यांना नाही म्हणालो. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

त्या शनिवारी घरी येऊन मी जेवलो आणि ताणून दिली. उठलो तेव्हा पाच वाजून गेले होते. बाबा खिडकीशी खुर्चीत जागेच होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता तिथे ओहोटी लागली असेल."