पौषाचा चौकोन

बीडच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं केजची गाडी ‘लागेल’ असं सांगितलं. कुठे, असं विचारल्यावर ‘लागली की दिसेल’ म्हणाला. दिसली.

मी निघाले होते धारूरच्या अलीकडच्या एका गावी, वाकळ (गोधडी) आणायला. तिथल्या बायका त्या त्या महिन्याचा रानमेवा कापडावर शिवतात. श्रावणाच्या चौकोनात करटुली, आश्विनात सीताफळ, असं वर्षभराचं. पुण्यात मैत्रिणीकडे एक भिंतीवर लावलेली पाहिली आणि ती माझ्या डोक्यात बसली. आमच्या दिवाणखान्यात ओल येऊन भिंतीवर मोठा डाग पडलाय. दिवाळीआधी तो झाकायचा होता. कलेची आवड वगैरे नंतर.

केजहून जीप. शेजारच्या म्हातारीनं सीताफळांची पाटी माझ्या मांडीवर ठेवली, “धरा वाईच” म्हणाली आणि झोपली. घाट लागला तसं वरचं पिकलेलं फळ माझ्या कुडत्यावर फुटलं. उतरताना तिनं एक माझ्या हातात दिलं. “खावा, लई ग्वाड हाय.” मला सीताफळ आवडत नाही. बिया थुंकण्यातच वेळ जातो. तरी खाल्लं. गोड होतं.

हा धंदा सुमनबाईंचा. त्यांच्या ओसरीवर शिलाई मशीन, चिंध्यांचे ढीग आणि शिवणाऱ्या दोघी-चौघी. मी वाकळीचं विचारताच त्यांनी समोर भाकरी, तांदूळज्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. “आदी जेवा. वाकळ कुटं पळून चाललीय?”

मग एक तयार वाकळ माझ्या मांडीवर पसरली. ती शेजारीच बसलेल्या मंदानं शिवली होती. वाकळ फार देखणी होती. फक्त पौषाच्या चौकोनात ऊस होता.

“पौषात हुरडा नको का?” मी विचारलं.

सुमनबाईंनी वाकून पाहिलं. “मंदे, ह्ये कावून गं? ऊस काय रानमेवा हाय व्हय?”

“मला पौषात ऊसच दिसतो,” मंदा म्हणाली. “हुरडा असतो म्हनं. म्या न्हाई पाह्यला.”

मला वाटलं, थट्टा करतेय. करत नव्हती. लहानपणी आईबापाबरोबर आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर, दसरा झाला की ती ऊसतोडीला जात आलीय. गावात हुरडा भाजतात तेव्हा ती दूर कुठल्या तरी फडात (तोडणी चाललेल्या उसात) असते. मला फार वाईट वाटलं.

“उसवते,” मंदा म्हणाली. “पर औंदा मी गावातच ऱ्हायचं म्हनते. हुरडा पाहून मगच शिवते.”

तिचा नवरा ओसरीच्या कडेला उभा होता. तिकडे ‘कोयता’ म्हणजे तोडीला जाणारी जोडी, एकट्याला कुणी घेत नाही. “भाऊ येतो म्हनलाय माज्यासंगं,” तो म्हणाला. “पर हिला हितं काम तर पायजे. नुसती बसून काय करंल?”

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाकळ माझ्या मांडीवरच होती. डाग झाकायला ऊससुद्धा चालला असता.

“मला हुरड्याचीच हवी,” मी म्हणाले. “पौषात द्या.”

“पौषातच?” नवऱ्यानं विचारलं.

“आधी दिलीत तर घेणार नाही.”

तो मान हलवून गेला. भावाकडे गेला असावा. मंदानं माझ्या मांडीवरून वाकळ ओढून घेतली आणि कात्रीच्या टोकानं ऊस उसवायला बसली. तिला घाई झाली होती.

मी पुण्याला परतले ती पिशवीभर सीताफळं घेऊन. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांनी भिंतीवरचा डाग पाहिला आणि पाहिला नाही असं दाखवलं.

पौषात मंदाचा फोन आला. “ताई, हुरडा पाह्यला.”

“कसा आहे?”

“लई भाजतंय वो.”

पाठोपाठ वाकळ आली. पौषाच्या चौकोनात कणीस नव्हतं. लाल कापडाचा उघडा तळहात होता आणि त्यावर हिरवे दाणे. भाजलेलं कणीस गरम असतानाच हातावर चोळतात, तेव्हा तिच्या लक्षात राहिला तो हातच. तळव्याच्या कडेनं उसवलेल्या उसाची बारीक भोकं अजून दिसतात.

ती डागावर लावायला माझं मन होईना. ओलीनं खराब झाली असती. समोरच्या कोरड्या भिंतीवर लावलीय. डाग आहे तिथेच आहे.