चामराजपेटेतली सर्वांत सुरक्षित खोली

भित्रेपणाची पदवी द्यायची ठरलीच तर अख्ख्या म्हैसूर राज्यात ती माझ्या मामालाच द्यावी लागेल, आणि ती घ्यायला मामा जाणार नाही, कारण मांडवाचे बांबू कुणी नीट बांधले असतील यावर त्याचा विश्वासच बसणार नाही. जगातली प्रत्येक वस्तू आपल्या जिवावर उठलेली आहे आणि तिचं लक्ष नाही तोवरच आपण जगतो आहोत, असं त्याचं ठाम मत. ऊन नसो, पाऊस नसो, नारळाच्या झाडाखालून तो छत्री उघडून जाई. बसमध्ये तो नेमका मधल्या बाकावर बसे; धडक पुढून बसते किंवा मागून, मध्ये फक्त माणसं असतात, हे त्याचं गणित. विजेचं बटण दाबायचं तर पायांत खडावा आणि हातात लाकडी पट्टी. केरसुणी विकत घेतानाही तो दुकानदाराला विचारी, "हिची काडी डोळ्यात गेली तर?" एकदा पेठेतला दुकानदार वैतागून म्हणाला, "स्वामी, डोळ्यांनी झाडू नका." मामानं घरी येऊन हे आम्हाला उपयुक्त सूचना म्हणून सांगितलं.

आई गेल्यावर आम्हा दोघी बहिणींना याच माणसानं वाढवलं. लग्न त्यानं केलं नाही. "मांडवात होम पेटवतात ग," असं कारण तो सांगे. खरं कारण बहुधा आम्ही दोघी होतो, पण ते त्यानं कधी कबूल केलं नाही.

पुढे अक्का लग्न होऊन होसूरला गेली, तिला पुट्टी झाली, आणि पुट्टी दीड वर्षाची असताना अक्काला बंगळूरच्या एका नव्या कारखान्यात जुळणीच्या कामावर जागा मिळाली. मेहुणे रस्तेबांधणीवर, शिमोग्याच्या जंगलात. तेव्हा मुलीला घेऊन अक्का आमच्याकडे चामराजपेटेत आली. आता मी विचारते, बायकांची नाजूक बोटं हवीत म्हणून ज्यांना जाहिरात देता येते, त्यांना त्या बोटाला धरून चालणारं मूल असतं हे कळत नाही? 'पाळणाघर हा उपकार नव्हे, हक्क आहे!' या मथळ्याचं पत्रक मी स्वतः लिहिलं, सायक्लोस्टाइल केलं आणि कारखान्याच्या फाटकावर उभी राहून वाटलं. व्यवस्थापनानं मागणी विचाराधीन ठेवली. अक्काच्या सासूबाईंनी मात्र विचाराला वेळ लावला नाही. त्यांचा निरोप आला: गुरुवारी येते, पोरीच्या झोपण्या-खेळण्याची सोय बघते, पटली तर ठीक, नाही तर पुट्टीला होसूरला घेऊन जाते. म्हणजे अक्कानं नोकरी धरली तर मूल कधीमधी सणावारी बघायचं, आणि मूल धरलं तर नोकरीवर पाणी सोडायचं. अक्का दोन दिवस जेवली नाही. बापाची खोली तपासायला कधी कुणी येतं का हो? असं मी स्वयंपाकघरात तणतणत होते.  मामा उठला, मागच्या खोलीत गेला आणि धोतर खोचून हातापायांवर रांगू लागला.

"मुलाच्या उंचीवर गेल्याशिवाय धोका दिसत नाही," तो खालून म्हणाला. दूधवाली दारात येऊन बघत राहिली. "काय हरवलं अण्णा?" "अजून काही नाही. हरवायच्या आधी शोधतोय." त्या रांगण्यात त्याला जे जे दिसलं ते ते खोलीबाहेर गेलं. कपाट गेलं, ते अंगावर पडतं. खाट गेली, तिच्यावरून माणूस पडतो. भिंतीतले खिळे त्यानं उपटले आणि भोकं मेणानं बुजवली, कारण भोकात बोट अडकतं. जमिनीवर सावरीच्या कापसाच्या गाद्या एकमेकींना शिवून अंथरल्या, भिंतींना कमरेइतक्या उंचीपर्यंत जुन्या गोधड्या लावल्या. खिडकीच्या गजांना बाहेरून जाळी ठोकली. वर कौलं होती. एखादं निसटलं तर म्हणून कौलांखाली काथ्याचं जाळं ताणून बांधलं. मग त्या गाद्यांवर दुपारभर तो स्वतः लोळला, चारी दिशांना गडगडला आणि कुठे काही टोचलं नाही म्हणून बेचैन झाला. नुसती सुरक्षित नको, पोरीला तिथं बरंही वाटलं पाहिजे, म्हणून माझ्या उरलेल्या पत्रकांचे पक्षी करून त्यानं जाळ्याला टांगले. 'हक्क आहे' असं लिहिलेले ते पक्षी पुट्टी तासन् तास बघत पडे. माझ्या लिखाणाला इतका एकाग्र वाचक त्याआधी मिळाला नव्हता.

दारावर मात्र मामानं सगळी बुद्धी खर्च केली. मुलं आतून कडी लावून घेतात, म्हणून आतली कडी काढली. आतली मूठ कपाळाला लागते, म्हणून मूठही काढली. बाहेरून, पोरीचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर, दार लोटलं की आपोआप पडणारी खिट्टी बसवली. आणि दार उगाच लोटलं जाऊ नये म्हणून अडसर ठेवला. दगड कसा ठेवणार? ठेच लागते. त्यानं वाळू भरून एक कापडी मांजर शिवलं, बटणाच्या डोळ्यांचं, खरोखर गोड. पुट्टीचा त्या मांजरावर जीव जडला.

गुरुवारी अक्का पहिल्या पाळीला गेली, जाताना तिनं पुट्टीचे इतके मुके घेतले की मला बघवेना. दहाच्या सुमाराला सासूबाई आल्या. उंच, ताठ बाई. त्यांच्या कॉफीसाठी मी मागच्या पडवीत शेगडीवर दूध ठेवलं आणि त्यांच्यामागोमाग मीही खोलीत गेले. पुट्टी दाराशी मांजराशी बोलत बसली होती. सासूबाईंनी गादी दाबली, गोधडी चाचपली आणि पिशवीतून लोखंडी अडकित्ता काढला. "हा हिच्या उशाशी ठेवा. लोखंड असलं म्हणजे पोर दचकत नाही."

"विहीणबाई, धारेची वस्तू? उशाशी?" मामा पांढरा पडला.

"माझी चारही पोरं यावर वाढली."

ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, असं मी स्वच्छ सांगितलं. विज्ञानयुगावर दोन वाक्यं बोलून तिसरं सुरू करते तोच मागे खट् असा आवाज झाला. पुट्टी मांजर ओढून घेऊन गेली होती. दार आपसूक लोटलं जाऊन बाहेरची खिट्टी पडली होती.

मामानं दार ढकललं, ओढायला काही सापडेना. चामराजपेटेतल्या सर्वांत सुरक्षित खोलीत आम्ही तिघं मोठी माणसं बंद होतो आणि दीड वर्षाची पोर सगळ्या घरात मोकळी होती. खिडकीतून पडवी दिसत होती. शेगडीत निखारे फुलले होते, दूध वर यायला लागलं होतं, आणि पुट्टी ते जड मांजर दोन्ही हातांनी ओढत तिकडे निघाली होती. "माऊ, दुदू," ती त्याला समजावत होती.

मी ओरडले. शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या घरघरीत माझी घोषणा विरून गेली. सासूबाईंनी बांगड्या गजांवर वाजवायला सुरुवात केली. पुट्टी थांबली, वळली, हसली, आम्हाला टाटा केला आणि पुन्हा मांजर ओढू लागली.

"तो अडकित्ता द्या," मामा म्हणाला. त्याचा आवाज मी ओळखला नाही. त्यानं गाद्यांची शिवण फाडली, त्यांची चळत केली, तिच्यावर मला उभं केलं आणि तो, जो स्टुलावर कधी चढला नाही, माझ्या खांद्यांवर चढला. अडकित्त्यानं काथ्याचं जाळं कराकरा कापलं. (हा अंधश्रद्धेचा विजय आहे असं कुणी छापू नये, तिथं विळी असती तर विळी चालली असती.) चार कौलं सरकली, मामाचे पाय वर गेले, डोक्यावर धडधड झाली, परसातल्या पेरूच्या झाडाची एक फांदी मोडली, आणि खिडकीतून आम्हाला दिसलं: शेगडी आणि पुट्टी यांच्यामध्ये मामा उभा होता. निम्मं धोतर छपरावर राहिलं होतं. त्यानं पोरीला उचललं, मांजरालाही उचललं आणि पडवीच्या पायरीवर मटकन बसला.

"अण्णा, सरी, ठीक झालं. आता दार उघडा," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या.

"स्वल्प थांबा विहीणबाई. माझे पाय अजून वरच आहेत."

ते पाय खाली यायला बराच वेळ लागला. तोवर दूध उतू जाऊन करपलं. सासूबाई बाहेर आल्या, काळी कॉफी प्यायल्या आणि पदर नीट करत म्हणाल्या, "खोली मेली मला पसंत नाही. वारा नाही, कडी नाही, आता तर छप्परही नाही."

मी तोंड उघडणार होते. त्यांनी हात वर केला.

"तू गप. किती बोलतेस! पोर राहू दे इथं. खोलीला घेऊन काय करायचं? माणूस बघितला मी." मामाच्या मांडीवर पुट्टी मांजराला थोपटत होती. "अण्णा, फक्त दाराला आतून कडी घाला. दर वेळी तुम्ही कुठे उडणार?"

संध्याकाळी अक्का धावत घरी आली तेव्हा पुट्टी अंगणात होती आणि सासूबाई एकट्याच होसूरच्या बसला गेल्या होत्या. अक्का रडली, हसली, मग छप्पर बघून पुन्हा रडली.

पुट्टी आमच्याकडे साडेचार वर्षं वाढली. मग मेहुण्यांची बंगळूरला बदली झाली, अक्काला कारखान्याजवळ क्वार्टर मिळालं आणि ती तिघं तिकडे राहायला गेली. पहिल्या रविवारी मामा आणि मी बघायला गेलो. पुट्टीनं हाताला धरून त्याला आत नेलं. "अज्जा, ही माझी खोली. ही माझी खाट. इथून आगगाडी दिसते." मामा सगळीकडे बघत राहिला. "छान आहे," म्हणाला, आणखी काही नाही.

परतीच्या बसमध्ये तो मधल्या बाकावर बसला होता. मी विचारलं, "काय रे, तिथं सगळं ठीक वाटलं तुला?"

"कुठलं! खाटेला कोपरे आहेत. खिडकीला जाळी नाही. स्टूल खिडकीखालीच ठेवलंय."

"मग बोलला का नाहीस? मी भांडले असते अक्काशी."

मामा खिडकीबाहेर बघत होता. "बोलणार होतो ग," तो म्हणाला. "पण ती मला तिची खोली दाखवत होती."