बोर्डातला प्लग

कसबा बावड्यातल्या माझ्या फर्निचरच्या शेडमध्ये तो फिटर एकदाच आला. लाकडाला खाचा पाडणारं राउटर मशीन टेबलाखालच्या, मशीन वर-खाली सरकवणाऱ्या लिफ्टमध्ये बसवायचं होतं. मावा चघळत त्यानं मशीन उलटं धरलं आणि थेट पात्याला हात घातला. वायर अजून बोर्डातच! मी धावत जाऊन प्लग उपसला.

"पावणं, जीव नकोसा झालाय काय?" मी ओरडलो.

तो हसला. "बटण बंद हाय की! सारखा प्लग काढत कोण बसतंय?" मग उजव्या हाताचं अर्धंच उरलेलं बोट नाचवत म्हणाला, "हे गेलं तवाबी बटण बंदच हुतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शिव्या घालत होतो, आणि तो त्याच हातानं प्लग उचलून परत बोर्डात बसवत होता.